लेबलवरून काढलेलं वाक्य

८ जानेवारी

आई शेजारणींना सांगते, "आमची मुलगी औषधं पास करते." दादा त्याच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकांना सांगतो, "बहीण सरकारात आहे, भोंदू वैद्यांना आत टाकते." दोघांनीही मला घरच्या घरी बढती देऊन टाकली आहे. मी लेबलं वाचते.

पूरक आहार म्हणून बाजारात येणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे चूर्णं, कॅप्सूल, ताकदीच्या पावडरी, तेलं, आधी कागदावर आमच्या विभागात येते. तिच्या लेबलवर आरोग्याबद्दल जे काही म्हटलेलं असतं त्याला आम्ही दावा म्हणतो. दावा नियमात बसला नाही की लाल पेन. बाटलीत काय भरलंय ते प्रयोगशाळा बघते. आमच्याकडे फक्त शब्द येतात.

माझ्या समोरच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणतात, कारण नोकरी लागल्यापासून त्यांनी एकही लेबल स्वल्पविरामाची चूक काढल्याशिवाय सोडलेलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'छोट्या मॅडम' करून टाकलं. मोठ्या मॅडम काचेच्या केबिनमध्ये बसतात.

आज पहिलं वाक्य काढलं. 'मधुमेह मुळासकट उपटून टाकते.' पेन इतकं दाबलं की कागद फाटला. स्वल्पविराम म्हणाले, "छोट्या मॅडम, दावा काढायचाय, टेबल नाही."

हसले, पण आतून हलले होते. बाबांच्या शेवटच्या वर्षी आमच्या कपाटावर अशाच बाटल्यांची रांग लागली होती. त्यांच्यावर कुणी वेळेत लाल पेन फिरवलं असतं तर, असं मला नेहमी वाटायचं. आता ते पेन माझ्या हातात आहे.

२० जानेवारी

दादाचा हात आज पुन्हा थरथरत होता. कप बशीवर वाजायला लागला की आई खिडकीबाहेर काही तरी बघत बसते.

त्याला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी त्या पार थांबल्या आहेत, पण हाताची थरथर त्या गोळ्यांचीच देणगी. औषधशास्त्राच्या पदवीला हे मी शिकले, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. इतर कुणाचं निभावलं असतं. न्हाव्याचं कसं निभावणार? जुनी गिऱ्हाइकं केस कापून घेतात आणि दाढीचं विचारलं की "आज जरा घाई आहे" म्हणतात.

"दाढीबरोबर मसाज फुकट देतोय तरी लोकांना नको," दादा म्हणाला.

"डॉक्टरांना सांग ना. दुसरी गोळी असते."

"सांगितलं. म्हणाले, सवय होईल. मला झाली की. गिऱ्हाइकांना होत नाही."

बाबा गेले तेव्हा त्याने शाळा सोडून त्यांची खुर्ची चालवायला घेतली. माझी सगळी फी त्या एका खुर्चीतून निघाली. हे तो कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी

पेपरात बातमी आल्यापासून विभागात नुसता पूर आलाय. औषधी भांगेपासून शुद्ध केलेलं एक औषध लहान मुलांच्या काही अवघड फिटवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने देता येणार आहे. झालं! ज्याच्या घरी घाणा आहे तो भांगेच्या बियांचं तेल गाळायला बसला. बियांच्या तेलात त्या औषधातलं जवळजवळ काही नसतं, ते खाण्याचं साधं तेल. पण प्रत्येक बाटलीवर तेच हिरवं टोकदार पान.

मॅडमना विचारलं, "या पानाचं काय करायचं?"

"पान हा शब्द आहे का?"

"नाही."

"मग राहू दे. आपला नियम शब्दांचा आहे. पूरक आहाराच्या लेबलवर कुठल्याही आजाराचं नाव येता कामा नये. आलं, की तो औषधाचा दावा झाला. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तर तुला कुणी फसवू शकणार नाही."

११ फेब्रुवारी

आज मी एक चोरी पकडली! सगळ्यांच्या नजरेतून सुटली असती अशी.

एका बी-तेलाचं लेबल. वरून अगदी सभ्य. 'शांत झोपेस साहाय्यक', एवढाच दावा, आणि तो नियमात बसतो. पण खाली बारीक अक्षरांत, सूचना म्हणून: 'फिटच्या रुग्णांनी आपल्या नेहमीच्या गोळ्या बंद करू नयेत.'

किती हुशारी! समोरच्या दाराने आजाराचं नाव आत आणता येत नाही, तर मागच्या दाराने, इशाऱ्याचा वेश चढवून. वाचणाऱ्याला कळणारच की हे तेल फिटवर चालतं, नाही तर ही सूचना कशाला? मी ते अख्खं वाक्य काढलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'सूचनेच्या मिषाने अप्रत्यक्ष दावा.'

मॅडम केबिनमधून उठून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, याला वाचणं म्हणतात." स्वल्पविरामांनीही कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच स्वल्पविराम न शोधता परत दिला.

घरी जाताना मी पायऱ्या अक्षरशः उड्या मारत उतरले.

१४ फेब्रुवारी

तेलवाले आज स्वतः आले. साठीचे असतील. तपकिरी स्वेटर, हातात पिशवी, बसा म्हटल्यावरही उभेच.

"बाई, बाकी काय हवं ते काढा. ते एक वाक्य राहू द्या."

"तेच नेमकं राहू देता येत नाही."

"अहो, लोक पेपर वाचून येतात माझ्याकडे. मी तोंडाने सांगतो, हे ते औषध नव्हे. पण दुकानात बाटली गेली की मी थोडाच तिथे असतो? कुणी गोळ्या सोडल्या तर?"

"मग ज्या आजाराशी तुमच्या तेलाचा संबंधच नाही, त्याचं नाव तुम्हाला बाटलीवर कशाला हवं?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. बरोबरच असेल तुमचं."

किती गोड बोलतात ही माणसं! मॅडमनी मला आधीच सावध केलं होतं की रडवेला चेहरा हासुद्धा दाव्याचाच एक प्रकार असतो. मी अजिबात विरघळले नाही. त्या हिरव्या पानाबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही, हे माझ्या बरोबर लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी

जेवताना सगळी हकीकत सांगितली. आईला फार कळलं नाही, पण मॅडम केबिनमधून उठून आल्या हे तिने दोनदा वदवून घेतलं. दादाने घास हातात ठेवून ऐकलं. सकाळी दुकानात तो गिऱ्हाइकांना पेपर मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामुळे त्या औषधाची बातमी त्याला माझ्याआधी ठाऊक होती.

"म्हणजे त्या बाटलीवर आता खोटं असं काही उरलं नाही?"

"एक अक्षर नाही. मी स्वतः बघितलंय."

"आणि तुझ्या ऑफिसने पास केली."

"ऑफिसने कसली, मीच केली!"

"वा रे शहाणे," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला. दादा माझं कौतुक करतो तेव्हा असंच, पाठ फिरवून करतो.

९ मार्च

दुकानावरून येताना डोकावले. आरशाखालच्या फळीवर, केसांच्या तेलांच्या रांगेत, ती बाटली! माझ्या लाल पेनातून गेलेली पहिली वस्तू बाजारात, तीही दादाच्या दुकानात.

"हे काय?"

"गिऱ्हाइकांना दाखवतो. म्हणतो, हे आमच्या बहिणीने तपासलंय."

खुर्चीतले आजोबा फेसातून बोलले, "मग आता तुझ्या भावाचा वस्तराही तपास, पोरी."

दादा खळखळून हसला. बाटली अर्धी रिकामी होती. फळीवर आडवी होऊन सांडली असेल. मला मात्र इतका आनंद झाला होता की घर येईपर्यंत एकटीच हसत होते.

२२ मार्च

दादाच्या हाताची थरथर जवळजवळ गेली! सकाळी त्याने काठोकाठ भरलेला कप आईला नेऊन दिला, एक थेंब सांडला नाही. आईने देवाचे आभार मानले. मी डॉक्टरांचे. शेवटी सवय झाली म्हणायची.

त्याला दुपारी यायची ती गुंगीही गेली आहे. दुकानात दाढीची गिऱ्हाइकं परत यायला लागली. संध्याकाळी तो आईला म्हणाला, "आता बघ माझ्यासाठी एखादी मुलगी. थरथरत्या हाताने हार कसा घालणार होतो?" आईच्या डोळ्यांत एकदम पाणी. किती वर्षांनी आमच्या घरात कुणी पुढचं काही बोललं.

३ एप्रिल

विभागात फार काम. बी-तेलाची आणखी लेबलं आली. आता बाकीचे उत्पादकही तशीच सूचना घालू बघतात. माझा शेरा मॅडमनी नमुना म्हणून सगळ्यांना वाटला आहे. 'सूचनेच्या मिषाने अप्रत्यक्ष दावा.' स्वल्पविराम तो तोंडपाठ म्हणून दाखवतात, वर म्हणतात, "वाक्य चांगलं आहे, फक्त एक स्वल्पविराम हवा होता."

९ एप्रिल

दादाला दुकानात फिट आली.

१२ एप्रिल

गिऱ्हाईक सुखरूप आहे. मानेला ओरखडा, बाकी काही नाही. दादाने फिट येतेय हे कळताच वस्तरा त्याच्यापासून लांब नेला, असं ते गिऱ्हाईक स्वतः सांगत होतं. लांब नेला, पण सोडला नाही, आणि दादा आरशावर पडला. उजव्या मनगटाच्या शिरा आणि बोटांचे स्नायू काचेने कापले गेले. ऑपरेशन झालं. अंगठा आणि पहिलं बोट पुन्हा किती हलतील, ते डॉक्टर सांगत नाहीत.

त्यांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

आई म्हणाली, "बंद कशा असतील? रोज घेतो की."

दादा छताकडे बघत म्हणाला, "तेल घेत होतो. आधी अर्ध्या केल्या, मग सोडल्या. हात थांबला ना, म्हटलं लागू पडलं."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणी नाही. सोडू नका असंही कुठे लिहिलं नव्हतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही घरात शिकलेल्या दिसता. काय करता?"

मी म्हटलं, "नोकरी." कसली, ते सांगवलं नाही.

१४ एप्रिल

हात थांबला, कारण गोळी थांबली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मी कौतुकाने बघत होते आणि डॉक्टरांचे आभार मानत होते. मागची पानं उलटून बघायचा धीर होत नाही, पण बघते. अर्धी बाटली सांडली असेल, असं मी लिहिलंय.

२१ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"ते वाक्य परत घालायला हवं," मी म्हटलं. "सगळ्या बाटल्यांवर."

"तुझ्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. तुझी चूक नाही."

"चूक कुणाची ते मी विचारत नाहीये. बाटल्या अजून विकल्या जातायत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नियमात अपवाद करायचा तर ज्याला अपाय झाला त्याने येऊन सांगावं लागतं. 'लेबलवरून माझा गैरसमज झाला', एवढंच म्हणायचं. सुनावणी होईल. भावाला आणशील?"

३० एप्रिल

दादा तयार झाला. एवढंच विचारलं, "ते वाक्य काढलं कुणी, हेही विचारतील का?"

"विचारतील. ते कागदावर आहेच."

"मग तुझं काय होईल?"

"काही नाही." हे मी फार पटकन म्हटलं. माझी नोकरी अजून कच्ची आहे, हे त्याला माहीत आहे.

६ मे

सुनावणी. वरच्या मजल्यावरचे अधिकारी, मॅडम, मी, तेच तपकिरी स्वेटर घातलेले तेलवाले, आणि दादा. हात गळ्यात बांधलेला, इस्त्रीचा शर्ट.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "गोळ्या कशावरून बंद केल्या?"

"कंटाळा आला होता साहेब."

"लेबल वाचून केल्या ना?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "मला कुठं वाचता येतंय एवढं? न्हावी माणूस. चित्र बघून घेतली बाटली."

रोज सकाळी पेपर वाचून दाखवणारा माझा भाऊ. अख्ख्या गल्लीला शाळेतून काय पत्र आलं, सरकारी नोटीस काय म्हणते, ते समजावून सांगणारा.

"बहिणीने काही सांगितलं होतं?"

"ती घरी ऑफिसचं बोलत नाही साहेब. तत्त्वाची आहे."

तेलवाले माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: तक्रारदारास वाचता येत नाही, सबब लेबलमुळे गैरसमज झाल्याचे दिसत नाही. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, कुणाला काही सांगायचंय का.

मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.

बाहेर जिन्यावर दादा खुशीत होता. "कसं? सुटलीस की नाही? उगाच घाबरत होतीस."

८ मे

दोन्ही दिवस कामावर लेबलं नुसती डोळ्यांखालून गेली. स्वल्पविराम आज काहीच विनोद करत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "माझी आई अशीच एक पावडर घेते. तिचं लेबल मीच तपासलं होतं. काल घरी गेल्यावर पहिल्यांदा बाटली उलटी करून वाचली." मग डबा बंद करून उठले.

१० मे

दादाला म्हटलं, मी माझा जबाब लिहून देणार आहे. तुला वाचता येतं, तू वाचलंस, आणि त्या बाटलीत खोटं काही नाही हे मी तुला सांगितलं होतं, असं सगळं.

तो जेवायचा थांबला. डाव्या हाताने जेवतो, भात सांडतो, आई न बघितल्यासारखं करते.

"म्हणजे मी खोटं बोललो, असं चारचौघांत सांगणार?"

"दादा, ती बाटली उद्या आणखी कुणी तरी—"

"मी तुझ्यासाठी अडाणी झालो त्या माणसांपुढं. अडाणी! शाळा सोडली तेव्हासुद्धा कुणी मला अडाणी म्हटलं नव्हतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. "शाळा मी कुणासाठी सोडली, हे विचारू नकोस. पण हे एवढं मी दिलं ते तरी ठेवून घे."

आई म्हणाली, "ठेवून घे गं. झालं ते झालं."

१३ मे

जबाब दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला. "तुला कळतंय ना काय लिहिलंयस?" मी म्हटलं, हो. खरं तर सगळंच कळत होतं असं नाही.

दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आईमार्फत बोलतो. "तिला सांग, पंखा बंद कर." मी समोरच असते.

११ जून

निकाल लागला. आजाराचं नाव असलेली सूचना, जर ती औषध न सोडण्याबद्दल असेल, तर चालेल. पण नव्या बाटल्यांपासून. बाजारात गेलेला माल संपेपर्यंत जुनंच लेबल. मी विचारलं, तो परत का मागवत नाही? उत्तर मिळालं, त्यावर खोटं असं काहीच नाही ना.

माझी बदली आवक-जावक विभागात. मॅडम म्हणाल्या, ही शिक्षा समजू नकोस. टेबल आवरताना तेलवाले दारात दिसले. नवं लेबल दाखल करायला आले होते. मी हात जोडले. माफी मागायची होती, शब्द सापडेनात. ते म्हणाले, "भाऊ कसा आहे?" आणि मी "बरा आहे" म्हटल्यावर, "पान मी काढून टाकतोय, बाई. ते मीही ठेवायला नको होतं," म्हणून पुढे गेले.

२८ जून

घरी जाताना रोज वाटेतल्या दोन-तीन दुकानांत थांबते. बाटली दिसली की दुकानदाराला सांगते, फिटवाल्याने मागितली तर गोळ्या चालू ठेवायला सांगा. एकाने ऐकून घेतलं. दुसरा म्हणाला, "सरकारनं पास केलंय ताई, तुम्ही कोण?"

५ जुलै

गोळ्या पुन्हा चालू, आधीपेक्षा जास्त. त्यामुळे दादाचा डावा हातही थरथरतो. उजव्याचं पहिलं बोट वाकत नाही. दुकान सध्या भाड्याने दिलं आहे. मुलगी बघायचं आईने बंद केलं, तिने तसं सांगितलं नाही, फक्त फोटो कपाटावर ठेवून दिले.

आज रविवार. दादा अंगणात स्टूल टाकून डाव्या हाताने कात्री चालवायला बसला होता. समोर उशी, उशीवर जुना लोकरीचा गुंडा. लोकर कापायची, सारखी करायची, पुन्हा कापायची. मी दारात उभी होते. काय झालं मला कळलं नाही, मी जाऊन उशी उचलली आणि स्टुलासमोर जमिनीवर बसले, पाठ त्याच्याकडे करून. वेणी सोडली.

मागे कात्री थांबली. मला वाटलं, आईला हाक मारून म्हणेल, तिला सांग उठायला.

मग मानेभोवती कापड आलं. एका हाताने गाठ बसेना. मी मदत केली नाही. बसली एकदाची. कात्री कानाजवळ आली, थरथरत, पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

"हलू नकोस," दादा म्हणाला.

मी हलले नाही. त्याने खूप वेळ घेतला. आईने आतून डोकावून बघितलं आणि तशीच परत गेली.

केस एका बाजूला खांद्याच्या वर आहेत, दुसऱ्या बाजूला खाली. दादाने समोर येऊन बघितलं, मान वाकडी करून, आपल्या गिऱ्हाइकाकडे बघायचा तसं.  मग तो कापड झटकून आत गेला. उद्या ऑफिसला मी अशीच जाणार आहे.